मोटारीचे पुढचे पाय

श्रोतेहो, पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात आणि आसपासच्या गावांत तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडाचे बैल सजवतात, त्यांच्या गळ्यात घुंगरमाळ बांधतात आणि दोरीने ओढीत घरोघर नेतात. ह्या बैलाच्या पायांखाली चार चाके असतात. सरळ रस्त्याने बैल झकास चालतो. पण गल्लीचे वळण आले की पोराची पंचाईत होते. दोरी बाजूला ओढावी तर बैल फरफटतो, जोराने ओढावी तर कलंडतो. शेवटी पोरगा काय करतो? बैलाचे पुढचे पाय उचलतो, तोंड वळवतो आणि पुन्हा खाली ठेवतो.

आजचे माझे सांगणे ह्या पुढच्या पायांविषयीच आहे. चार चाकांची गाडी न उचलता कशी वळवावी, ह्या प्रश्नाला माणसाने कोणकोणती उत्तरे शोधली, ते आपण पाहू. आणि त्याला लागूनच दुसरी गोष्ट. आपल्या देशात एका मोटारीचे पुढचे पाय काढून दुसरीला बसवण्याची एक वहिवाट पडून गेली. ती का पडली, तिच्यात भले काय आणि धोका कोणता, हेही पाहू. विषय मिस्त्री लोकांचा आहे असे वाटेल. पण त्यात भूमिती आहे, देशाचा इतिहास आहे आणि गाडीत बसणाऱ्यांचा जीवही आहे. म्हणून शेतकरी मंडळींनी आणि शिक्षकबंधूंनी दोघांनीही तो ऐकण्यासारखा आहे.

आपल्या बंडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. दोन चाके, मध्ये एक आस आणि दोन्ही चाके त्या आसावर आपापली मोकळी फिरणारी. उजवीकडे वळायचे तर धुरकरी उजव्या बैलाला रोखतो, डाव्याला हाकतो. उजवे चाक जवळजवळ जागच्या जागी थबकते, डावे मोठा फेरा घेते आणि बंडी वळते. एवढे मात्र ध्यानात धरून ठेवा, की वळणाच्या आतले चाक थोडे चालते आणि बाहेरचे जास्त. पुढचा सारा इतिहास ह्या एका गोष्टीभोवती फिरतो.

दोनाची चार चाके झाली तेव्हा अडचण सुरू झाली. जुन्या बग्गीत आणि चार चाकी घोडागाडीत पुढचा आस अखंड असे आणि तो मधोमध एका जाड खिळ्यावर फिरे. घोड्यांनी दांडी ओढली की सबंध आस तिरपा होई आणि त्याच्या टोकांची दोन्ही चाकेही त्याच्याबरोबर तिरपी होत. युक्ती सोपी, पण तिच्यात दोन खोडी होत्या. आस पुरा वळला की एक चाक गाडीच्या पोटाखाली शिरे, म्हणून पुढची चाके लहान ठेवावी लागत. दुसरी खोड अशी, की त्या वेळी गाडी चार पायांच्या पाटाऐवजी तीन पायांच्या तिवईवर उभी राहिल्यासारखी होई आणि भरधाव असली तर कलंडे.

ह्यावर तोडगा काढला तो म्युनिकच्या एका गाडी बनवणाऱ्या कारागिराने. त्याचे नाव गेओर्ग लांकेनश्पेर्गर. त्याने १८१६ च्या सुमारास अशी योजना केली, की आस जागच्या जागी स्थिर राहावा आणि त्याच्या दोन टोकांना दोन वेगळे खिळे बसवून प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वळावे. लंडनमध्ये पुस्तके आणि चित्रे विकणारे रुडॉल्फ अ‍ॅकरमन ह्यांनी १८१८ साली त्याच्या वतीने इंग्लंडात ह्या योजनेचे पेटंट घेतले. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे इतिहासात पुष्कळदा होते. आजही मोटारीची ही रचना अ‍ॅकरमनच्याच नावाने ओळखली जाते. चाकाच्या त्या खिळ्याला आपले मिस्त्री किंगपिन म्हणतात.

ह्या रचनेतली भूमिती समजायला खळ्यावर चला. मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध मेढ असते आणि बैल तिच्याभोवती फिरतात. मेढीजवळचा बैल लहान फेरा घेतो, कडेचा मोठा. पण मेढ सर्वांची एकच. प्रत्येक बैलाने आपापली वेगळी मेढ धरली तर काय होईल? दावी ताणली जातील आणि बैल एकमेकांना खेचतील. मोटार वळते तेव्हा तिची चारही चाके अशाच एका अदृश्य मेढीभोवती फिरली पाहिजेत. मागची चाके तर सरळच असतात. म्हणून ही मेढ मागच्या आसाच्या रेषेत, गाडीच्या बाहेर कुठेतरी असते. पुढच्या दोन्ही चाकांनी त्याच मेढीकडे पाहून वळायचे, तर आतल्या चाकाला अधिक वळावे लागते आणि बाहेरच्याला कमी. किंगपिनापासून मागे निघालेले दोन हात थोडे आतल्या बाजूला कलते ठेवले आणि त्यांची टोके एका दांड्याने जोडली, की हे आपोआप बऱ्याच अंशी साधते. त्या जोडदांड्याला टायरॉड म्हणतात.

शिक्षकबंधूंनो, हे वर्गात करून दाखवता येते. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या, ती आस समजा. तिच्या दोन टोकांना टाचण्यांवर फिरणारी दोन चाके लावा. प्रत्येक चाकाला मागे जाणारा एक आखूड हात चिकटवा आणि दोन्ही हातांची टोके तिसऱ्या पट्टीने जोडा. हात समांतर ठेवून पाहा, मग आत कलते ठेवून पाहा. दोन चाकांच्या कोनांत पडलेला फरक मुले कोनमापकाने मोजू शकतील. असे एकदा हाताने केले की भूमितीचा तास मुलांच्या ध्यानात राहतो.

मोटारीचा जन्म झाला तेव्हासुद्धा हा प्रश्न पुरता सुटलेला नव्हता. जर्मनीत कार्ल बेन्झ ह्यांनी १८८६ साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले तिला तीनच चाके होती. पुढे एकच चाक असले की दोन चाकांचा मेळ घालण्याचा प्रश्न उरत नाही. चार चाकांची गाडी त्यांनी १८९३ साली काढली, ती पुढच्या चाकांना वेगवेगळे वळवण्याची रीत बसवल्यावरच.

वळण्यासारखाच दुसरा प्रश्न होता धक्क्याचा. पूर्वीच्या मोटारींना पुढे एक अखंड पोलादी आस असे आणि त्यावर पोलादी पट्ट्यांची चळत, म्हणजे ज्यांना आपण पाटे म्हणतो ते, बसवलेले असत. फोर्डची प्रसिद्ध टी मोटार १९०८ साली निघाली. तिच्या पुढच्या आसावर एकच आडवा पाटा होता. ही रचना दणकट, पण तिच्यात एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरपे होते. म्हणून पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र टेकू द्यावा असा विचार आला. कुणी गुंडाळलेल्या स्प्रिंगा वापरल्या. कुणी सरळ सळईच वापरली. ही सळई वाकत नाही, तर पीळ खाते. बाजेचा सुंभ पिळून ताणला की तो जसा उलट जोर करतो, तशी ही पोलादी सळई चाकाला पुन्हा खाली लोटते.

आता सुट्या भागांच्या अदलाबदलीकडे वळू. सुरुवातीला प्रत्येक मोटार कानशीने घासून जुळवीत असत. एका गाडीचा भाग तिच्या सख्ख्या बहिणीलाही बसेल अशी खात्री नसे. १९०८ साली इंग्लंडात ह्याची एक जाहीर परीक्षा झाली. कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी कोठारातले नवे ठेवले आणि त्या ढिगाऱ्यातून पुन्हा तीन मोटारी उभ्या केल्या. त्या ५०० मैल धावल्या. भाग मापात बनवला तर कोणताही कुठेही बसतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला एवढ्या जीपा हव्या होत्या, की एका विलीज कंपनीला तो बोजा झेपेना. तेव्हा सरकारने विलीजचेच नकाशे फोर्ड कंपनीला दिले. दोन्ही कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपा काढल्या. सांगाडा पुढच्या बाजूला थोडा वेगळा होता. विलीजच्या सांगाड्याला पुढे गोल नळीचा आडवा दांडा असे, फोर्डच्या सांगाड्याला उलट्या पन्हाळीसारखा. पण पुढचा आस, पाटे, सुकाणूची पेटी, टायरॉड असले बहुतेक भाग एकाचे काढून दुसरीला बसत. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर स्वतःच्या नावाचे आद्याक्षर ठोकून ठेवले होते. आज जुन्या जीपचे शौकीन ते अक्षर भिंग लावून शोधतात. कारण युद्धाच्या धामधुमीत आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत दोन कंपन्यांचे भाग असे मिसळले, की शुद्ध विलीज किंवा शुद्ध फोर्ड सापडणे अवघड झाले.

युद्ध संपले आणि नको असलेली लष्करी वाहने आपल्या देशात विक्रीला निघाली. जीप खेड्यांपर्यंत पोचली. तिचे सुकाणू मात्र डाव्या बाजूला, आणि आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात. पुढच्या वाहनाला ओलांडायचे तर चालवणाऱ्याला समोरचे दिसत नसे. कित्येक जीपांच्या पाठीवर म्हणूनच सुकाणू डावीकडे असल्याची पाटी रंगवलेली असे.

इकडे मुंबईत महिंद्र कंपनीने ह्याच विलीज जातीच्या जीपा जोडायला आणि पुढे इथेच बनवायला घेतल्या. नमुना नवा झाला, नाक उंच झाले. पण पुढचा आस आणि त्याचा गोतावळा मूळ घराण्याचाच राहिला. त्यामुळे महिंद्रच्या जीपचे कितीतरी भाग युद्धातल्या जीपलाही बसत. एक युद्धातली आणि एक शेतावरची, अशा दोन जीपा एकाच पेटीतल्या भागांवर चालू राहिल्या.

आता नागपूरकडे पाहा. हे शहर देशाच्या मध्यावर. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा आणि वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा, असे दोन मोठे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांना ६ आणि ७ असे क्रमांक होते, आता ५३ आणि ४४ आहेत. एवढेच काय, देशाच्या रस्त्यांचा पहिला मोठा आराखडाही १९४३ साली नागपुरातच आखला गेला. प्रांतोप्रांतीचे मुख्य इंजिनियर इथे जमले आणि त्यांनी राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग अशी रस्त्यांची वर्गवारी ठरवली. पुढच्या २० वर्षांत दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हवा, असे त्यांचे लक्ष्य होते. आजही इंजिनियरिंगची मुले ती योजना ‘नागपूर प्लॅन’ ह्याच नावाने शिकतात.

रस्ते वाढले म्हणजे गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या म्हणजे त्या मोडणारच. पण नवे भाग यायचे कुठून? इथे आपल्या आर्थिक इतिहासाचा एक दुवा येतो. मुंबईत जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून चालू होता; फोर्डही भारतात मोटारी जोडीत असे. १९५३ साली भारत सरकारने असे धोरण ठरवले, की जी कंपनी टप्प्याटप्प्याने सगळे भाग ह्या देशात बनवायला तयार असेल तिनेच राहावे. नुसती परदेशी पेट्या उघडून जोडणी करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही काढता पाय घेतला.

धोरणामागचा हेतू देशात उद्योग उभा करण्याचा होता, आणि तो उभाही राहिला. वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली स्थापलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याला फियाट ११०० बनवू लागली. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली स्थापन झाली. तिचा कारखाना आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओख्याला होता, मग कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला. तिथे इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डवरून आधी लँडमास्टर आणि १९५७-५८ पासून अ‍ॅम्बॅसेडर निघू लागली. मद्रासला स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून हेराल्ड बनवू लागली.

पण ज्यांच्या दारात शेवरलेट, ब्यूक किंवा जुनी फोर्ड उभी होती, त्यांनी काय करावे? परदेशी भाग आणायचा तर परवाना हवा, परकीय चलन हवे. मोटार फेकून द्यावी तर नवी मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. तेव्हा जे हाताशी होते ते वापरणे एवढाच मार्ग उरला. जीपचा आस, फियाटची सुकाणूपेटी, अ‍ॅम्बॅसेडरची पुढची जोडणी, भंगारातला ट्रकचा टायरॉड! आज ज्याला आपण जुगाड म्हणून हसतो, ती त्या काळाची गरज होती. एखाद्या जुन्या अमेरिकन मोटारीखाली वाकून पाहिले आणि तिथे देशी गाडीचे सुकाणू दिसले, तर ते १९५३ च्या धोरणाची साक्ष देत आहे असे समजा.

आता ह्या तीन देशी गाड्यांचे पुढचे पाय एकमेकांपासून किती वेगळे होते ते पाहा. जीपला अखंड आस आणि पाटे. सुकाणूचा दांडा मधल्या एका कोपरदांडीला हलवी आणि ती दोन्ही चाकांच्या टायरॉडांना. फियाटला प्रत्येक चाकाला वेगळे हात आणि गुंडाळलेली स्प्रिंग. सुकाणूच्या पेटीत मळसूत्री दंड दातेरी पाकळीला फिरवी. अ‍ॅम्बॅसेडरला पीळ खाणाऱ्या लांब सळया; आणि सुकाणूला पेटी नाही, तर एक आडवा दातेरी दांडा, तो लहान दातेरी चाकाने डावीउजवीकडे सरके. हा धडा मॉरिस कंपनीने १९४८ सालीच गिरवला होता. अ‍ॅलेक इसिगोनिस ह्यांनी रचलेल्या मॉरिस मायनरला हीच सळई आणि हाच दातेरी दांडा होता. आपले नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेही १९४८ सालीच, म्हणून हे साल आपल्याला लक्षात ठेवायला सोपे.

समजा, तुमच्याकडे एक जुनी मोटार आहे, तिचे सुकाणू झिजले आहे, आणि शहरातला मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, दुसऱ्या गाडीचे बसवून देतो, पुढच्या आठवड्यात या.’ तुम्ही काय विचारावे? मी तुम्हाला चार परीक्षा सांगतो.

पहिली परीक्षा मेढीची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर युद्धातल्या जीपमध्ये ८० इंच, फियाटमध्ये सुमारे ९२ इंच आणि अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ९७ इंच. हातांचा कल ह्या अंतराला धरून ठरवलेला असतो. आखूड गाडीचे हात लांब गाडीला लावले, की पुढची चाके एका मेढीकडे पाहतात आणि मागची दुसरीकडे. गाडी वळते, नाही असे नाही. पण टायर रस्त्यावर घासत वळते, सुकाणू जड होते आणि टायरची कड लवकर खलास होते.

दुसरी परीक्षा खड्ड्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. चाक खड्ड्यात खाली जाते तेव्हा त्याला धरणारा हात कंसात फिरतो. टायरॉडही कंसात फिरतो. हे दोन्ही कंस जुळले तर चाकाचे तोंड सरळ राहते. टायरॉड दुसऱ्या गाडीचा असला, लांबीला किंवा उंचीला वेगळा असला, तर खड्ड्यात चाक आपसूक एका बाजूला तोंड फिरवते. तुम्ही सुकाणू हलवलेले नसते, तरी गाडी वळते! गुळगुळीत रस्त्यावर हा दोष कळतही नाही. तो कळतो पावसाळ्यात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना.

तिसरी परीक्षा उलट्या हाताची. दातेरी दांडा आसाच्या पुढे बसवायचा की मागे, हे चाकाचा हात कोणत्या दिशेला निघतो त्यावर ठरते. मागचा दांडा पुढे आणला आणि हात पुढे वळवले, तर सुकाणू उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. हे ऐकून तुम्ही हसाल. पण डाव्या सुकाणूची गाडी उजवीकडे करताना असले घोटाळे कारखान्याच्या फळीवरच लक्षात यावे लागतात, रस्त्यावर आल्यावर नव्हे.

चौथी परीक्षा लोहाराची. आपल्या गावचा लोहार विळ्याला पाणी देतो. एकदा पाणी दिलेला विळा पुन्हा भट्टीत घातला तर त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. सुकाणूचे हात आणि टायरॉड हे असेच पाणी दिलेल्या, घडीव पोलादाचे असतात. ते तापवून वाकवले किंवा कापून जोडले, तर वरून चांगले दिसतात, पण आतून त्यांची ताकद गेलेली असते. पीळ खाणाऱ्या सळईचे तर असे आहे, की वर्षानुवर्षे एका बाजूला पीळ खाल्लेली डावी सळई काढून उजवीकडे लावू नये. उलट पीळ तिला सोसत नाही. म्हणजे आपल्याच गाडीचा भाग आपल्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूला चालत नाही, मग परक्या गाडीची गोष्ट दूरच!

हे ऐकून असे समजू नका की अदलाबदल ही सदा वाईटच. तिच्यातून चांगलेही निघाले आहे. स्टँडर्ड हेराल्डचेच पाहा. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या ह्या लहान मोटारीची पुढची चाके इतकी वळत, की ती सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात फिरे. तिच्या पुढच्या चाकांचे उभे टेकू हलके आणि सुबक होते. लोटससारख्या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांनी ते आपल्या गाड्यांत वापरले. अमेरिकेत १९७४ ते १९७८ च्या मस्टँग मोटारीची पुढची जोडणी जुन्या गाड्यांना बसवण्याचा एक मोठा धंदाच उभा राहिला. पण तिथे मापे घेऊन, नकाशा काढून, सबंध जोडणी एकत्र बसवली गेली. दोन वेगळ्या घराण्यांचे अर्धे अर्धे भाग जोडणे आणि एक सबंध जोडणी उचलून आणणे, ह्यांत फार फरक आहे. आपल्याकडेही जे चांगले मिस्त्री होते त्यांना ही गोष्ट अनुभवाने कळली होती. जीपचा आस घ्यायचा तर पाट्यांसकट, सुकाणूसकट घ्यावा, अर्धामुर्धा नको, हे शहाणपण पुस्तकातून न येताही हाताला कळते.

कायद्याचे काय म्हणणे आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनात असा फेरफार करायला मनाई केली आहे, की ज्यामुळे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. मग २०२१ साली केंद्राने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. तेव्हा रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार होते. ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, आणि ज्याच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नाहीत, असे खाजगी वाहन आता ऐतिहासिक म्हणून नोंदवता येते आणि त्याला वेगळ्या अक्षरांचा क्रमांक मिळतो.

नियम चांगला आहे. पण त्याने एक अवघड प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. ज्या गाडीने १९५५ ते १९८५ ही ३० वर्षे आपल्या देशात उधारीच्या पायांवर काढली, तिचे मूळ रूप कोणते? परदेशी कारखान्यातून निघाली ते, की आपल्या मिस्त्रीने तिला जगवले ते? माझे मत विचाराल तर मी असे म्हणेन. जिथे सांगाडा कापून परका भाग बसवला आहे आणि वर सांगितलेल्या परीक्षांत तो नापास होतो, तिथे मूळ भाग परत बसवावा. जीवापेक्षा इतिहास मोठा नाही. पण काढलेला भाग भंगारात देऊ नये. त्याला तेल लावावे, फडक्यात गुंडाळावा आणि चिठ्ठी बांधून ठेवावी: कोणत्या गाडीचा, कोणत्या साली बसवला, कोणी बसवला. अशी चिठ्ठी नसेल तर त्या ३० वर्षांचा पुरावाच नाहीसा होतो.

ही घाई मी उगीच करत नाही. शेवटची अ‍ॅम्बॅसेडर २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरच्या पद्मिनी टॅक्सींचे दिवस २०२३ साली संपले. ज्यांनी जीपचे सुकाणू डावीकडून उजवीकडे नेले, ज्यांनी लेथवर बसून न मिळणारे किंगपिन बनवले, ते मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत, पुष्कळ तर गेलेही. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. लिहिण्याची त्यांना सवयही नव्हती. त्यांचे ज्ञान त्यांच्या बोटांत होते.

म्हणून शिक्षकबंधूंनो, एक काम तुमच्याकडे मागतो. तुमच्या गावात जुनी जीप, जुना ट्रॅक्टर किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत पडलेली मोटार असेलच. मुलांना वहीपेन्सिल घेऊन तिथे न्या. पुढची चाके कशी वळतात ते पाहू द्या, अंतर मोजू द्या, भागांवर ठोकलेली अक्षरे उतरवून घेऊ द्या. मग गावातल्या जुन्या मिस्त्रीला शाळेत बोलवा, त्याला खुर्ची द्या आणि कोणता भाग कुठून आणला, का आणला, कसा बसवला, हे मुलांना विचारू द्या. मिस्त्री आधी लाजेल, म्हणेल, ‘त्यात काय सांगायचे गुरुजी!’ मग तो बोलू लागेल, आणि मुले वहीत लिहून घेतील.

आणि शेतकरी मंडळींनो, तुमच्याकडे एवढेच मागणे. गाडीचे सुकाणू दुरुस्तीला टाकाल तेव्हा ती परत घेताना नुसते इंजिनाचा आवाज ऐकून पैसे देऊ नका. मोकळ्या मैदानात ती हळू चालवून पाहा. डावीकडे आणि उजवीकडे पुरी वळवा. दोन्हीकडे सारखीच वळते का ते बघा. मग एका उथळ खड्ड्यातून न्या आणि सुकाणू सैल धरून पाहा, हाताला झटका येतो का, तोंड फिरते का. काही वावगे वाटले तर मिस्त्रीला तिथेच सांगा. चांगला मिस्त्री रागावणार नाही. तो स्वतःच गाडीखाली जाऊन पुन्हा पाहील.